बदलाला विरोध करणाऱ्यांची नावं मागितली आहेत. द्यावीत का?

गोदामवाला:
नमस्कार मंडळी. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

मी सुट्या भागांच्या गोदामात सुपरवायझर आहे. तीन पाळ्या, एकूण २६ माणसं. त्याआधी मीही रॅकवरून माल काढायचंच काम करायचो. चार महिन्यांपूर्वी आमचं रजिस्टर बंद करून हातात स्कॅनर दिले. माल उचलला की तिथल्या तिथे स्कॅन करायचा, म्हणजे वरच्यांना शिल्लक त्याच क्षणी दिसते. सुरुवातीला मोठी सभा झाली. 'माणूस केंद्रस्थानी ठेवून वाढ' ही पाटी जिन्यात अजून आहे. प्रशिक्षण किती? दीड तास. एका वेळी १३ जण, आणि खोलीत स्कॅनर दोन.

घोळ रात्रपाळीचा आहे. सिस्टीमवर विश्वास ठेवला तर रात्रभर गोदामात काही हलतच नाही आणि पहाटे ५:४० ते ६ या वीस मिनिटांत शे-दोनशे नोंदी धबाधब पडतात. उघड आहे, मंडळी वहीत लिहितात आणि पाळी सुटायच्या आधी बसून कोड हाताने टाकतात. विचारलं की 'हो साहेब, उद्यापासून करतो.' तो उद्या चार महिने उजाडला नाही.

परवा वरून निरोप आला, 'जे तीन-चार जण अलाइन होत नाहीत त्यांची नावं शुक्रवारपर्यंत पाठवा.' नावं माझ्या डोक्यात आहेत, खोटं कशाला बोलू. तिघंही जुने. त्यातल्या एकाने मला काम शिकवलंय. काय करावं?

स्पष्ट_बोलतो:
नावं द्या आणि मोकळे व्हा. नाही दिलीत तर यादीत पहिलं नाव तुमचं लागेल. चार महिने हा काही थोडा वेळ नाही.

एचआरमधली:
'अलाइन' हा शब्द आमच्याच खात्यातून निघतो, त्याबद्दल आधी माफी मागते. दादा, अशी यादी मी एकदा केली आहे. 'फक्त समुपदेशनासाठी' म्हणून मागितली होती. वर्षअखेरीला मूल्यांकनाच्या बैठकीत तोच कागद टेबलावर आला. तेव्हा यादी एकदा ईमेलने गेली की ती कुठे उघडेल हे तुमच्या हातात राहत नाही.

एक विचारू? स्कॅन करताना चूक झाली तर ती कोणाला दिसते?

निवृत्त_ट्रेनर:
तुमचा प्रश्न वाचून हारवूडचा प्रयोग आठवला. हारवूड ही अमेरिकेत व्हर्जिनियामध्ये पायजमे शिवणारी कंपनी. कामाची पद्धत बदलली की कामगार चिडायचे, उत्पादन पडायचं, लोक नोकरी सोडायचे. कंपनीतले लेस्टर कॉख आणि मानसशास्त्रज्ञ जॉन फ्रेंच यांनी तिथे वेगवेगळ्या गटांत साधारण सारखाच बदल वेगवेगळ्या रीतीने केला आणि १९४८ साली निष्कर्ष छापले. एका गटाला नेहमीसारखं सांगितलं: पद्धत बदलली आहे, दर बदलला आहे, शंका असतील तर विचारा. उत्पादन घसरलं ते वर आलंच नाही, आणि पहिल्या ४० दिवसांत १७ टक्के लोक सोडून गेले. ज्या गटांत सगळ्यांना सोबत घेऊन नवी पद्धत ठरवली, तिथे थोड्याच दिवसांत उत्पादन पूर्वपदावर आलं, मग त्याच्याही वर गेलं. सोडून कोणीच गेलं नाही.

पण मी प्रशिक्षणात नेहमी सांगायचो तो भाग पुढचा आहे. पहिल्या गटातले १३ जण उरले होते. त्यांना अडीच महिन्यांनी पुन्हा एकत्र आणून नवं काम दिलं, या वेळी त्यांच्याशी बसून ठरवून. तीच माणसं, जी आधी आडमुठी ठरली होती, ती भराभर वर आली. आता त्या वेळी कोणी 'अलाइन नसलेल्यांची' यादी मागितली असती तर त्यात हेच १३ असते.

गोदामवाले, रात्री एकदा जाऊन बसा. तपासायला नको, नुसतं बघायला.

स्पष्ट_बोलतो:
काका, पायजम्यांची गोष्ट छान आहे. पण आजकाल 'तुमचं मत सांगा' म्हणतात आणि त्याच मतावरून माणसं कमी करतात. आमच्याकडे सूचनापेटी ठेवली होती. एकाने लिहिलं की अमुक काम दोघांऐवजी एकाने होईल. झालं. दुसरा कोण होता सांगायची गरज आहे का? त्यानंतर पेटीत च्युइंगमचे कागद पडायचे.

निवृत्त_ट्रेनर:
शंभर टक्के मान्य. म्हणूनच कॅलिफोर्नियातल्या नुमी या मोटार कारखान्याचं जुनं उदाहरण बघण्यासारखं आहे. जनरल मोटर्सने फ्रीमाँटचा कारखाना १९८२ मध्ये बंद केला. गैरहजेरी, तंटे, सगळ्यांत बदनाम. १९८४ मध्ये टोयोटासोबत तोच पुन्हा सुरू झाला, बहुतेक कामगार जुनेच. कामगाराला दोरी ओढून लाइन थांबवायचा अधिकार दिला, हे सगळे सांगतात. त्याच्या मागे युनियनशी केलेला करार होता, तो कमी लोक सांगतात: माणसं कमी करणं हा अगदी शेवटचा उपाय, त्याआधी वरच्यांचे पगार कापायचे. १९८०च्या दशकाच्या शेवटी मागणी पडली तेव्हा माणसं काढली नाहीत, त्यांना प्रशिक्षणाला बसवलं. चूक दाखवली तर पोटावर पाय येणार नाही, ही खात्री होती म्हणून दोरीला हात लागायचा. पुढे जनरल मोटर्सने आपल्या दुसऱ्या कारखान्यांत दोऱ्या बसवल्या. नुसत्या दोरीने ते साधलं नाही.

गोदामवाला:
उशिरा लिहितोय. मंगळवार आणि बुधवार, दोन रात्री जाऊन बसलो. पहिल्या रात्री मंडळी इतकी शिस्तीत वागली की मलाच हसू आलं. सगळे स्कॅनर गळ्यात. दुसऱ्या रात्री बारानंतर सैलावली, मग खरं काम दिसलं.

मागच्या तीन ओळींत नेटवर्क येत नाही. स्कॅन केलं की चाक फिरत राहतं. जड भाग तिथेच ठेवलेले, म्हणजे एका हातात माल आणि दुसऱ्या हातात फिरणारं चाक. हातमोजे घालून स्क्रीन चालत नाही, आणि हातमोजे काढायला आम्हीच मनाई केली आहे. हे दिवसपाळीलाही आहे, पण दिवसा लोक पुढे येऊन स्कॅन करतात, तेवढी माणसं असतात.

मुख्य गोष्ट मात्र ताईंनी विचारली तीच निघाली. संख्या चुकली तर दुरुस्तीला सुपरवायझरचा पासवर्ड लागतो. रात्री सुपरवायझर नसतो. मग चूक तशीच राहते आणि सकाळच्या अहवालात त्या माणसाच्या नावासमोर लाल रंगात येते. म्हणून वहीत आधी लिहायचं, दोघांनी मिळून ताळा करायचा आणि मगच कोड टाकायचा. मला काम शिकवणारे काका म्हणाले, "वही आहे म्हणून तुझा स्टॉक जुळतोय." मी कपाटातून चार महिन्यांचे आकडे काढले. रात्रपाळीच्या नोंदी उशिरा आहेत, पण चुका तिन्ही पाळ्यांत सर्वांत कमी.

आता लिहायला लाज वाटतेय, पण ते लाल रंगाचं माझंच डोकं. सिस्टीम बसवताना विचारलं होतं की अहवालात काय हवं, आणि मी ऐटीत म्हणालो होतो, चुका नावानिशी दाखवा. रात्रपाळीला कोणी विचारलं नाही, त्यात मीही आलो.

नावं पाठवली नाहीत. त्याऐवजी या चार अडचणी आणि पाळीवार चुकांचे आकडे पाठवले. रात्रीच्या सीनियरला दुरुस्तीचा पासवर्ड त्याच दिवशी मिळाला. लाल नावं मी स्वतः काढायला सांगितली. नेटवर्कचं म्हणे पुढच्या तिमाहीत बघू. आणि शेवटी एक ओळ: 'ठीक आहे, पण नावं?'

एचआरमधली:
उत्तर ईमेलने देऊ नका. समोर बसून बोला.

स्पष्ट_बोलतो:
माझं पहिलं उत्तर मागे घेतो. पण ती वही जपून ठेवा, तुमच्या बाजूने तेवढाच पुरावा आहे.

गोदामवाला:
सोमवारी ११ वाजता भेट ठरली आहे. काकांना सोबत यायला विचारलं. म्हणाले, रात्रपाळी करून येईन, पण बोलणार तू. वही तेच आणतायत.