वेशीवरचा वीरगळ: जागेवर राहावा की संग्रहालयात जावा?

वेशीपलीकडे:
आमच्या गावचा रस्ता रुंद झाला. वेशीजवळच्या पिंपळापाशी एक वीरगळ होता, म्हणजे लढताना पडलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड. जेसीबीने तो उचलला आणि मारुतीच्या देवळामागे भिंतीला टेकवला. फुटला नाही म्हणून सगळे निवांत आहेत. मला मात्र चैन पडत नाही.

त्याच्या खालच्या चौकटीत गुरं आहेत आणि त्यांच्यापुढे शस्त्र उगारलेला माणूस. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेताहेत. सगळ्यात वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलाय, डोक्यावर चंद्र-सूर्य. म्हणजे गावची गुरं सोडवताना कुणीतरी पडला आणि गावाने त्याचा दगड येण्याजाण्याच्या वाटेवर उभा केला. आता तो देवळामागे, जिथे कुणी फिरकतसुद्धा नाही.

माझं म्हणणं असं की असे दगड हलवू नयेत. रस्ता दोन हात वळवा, भोवती कठडा घाला, शेजारी साध्या मराठीत फलक लावा.

ठसेकरी:
भावना कळते, पण मी उलट बाजूचा आहे. जागेवर ठेवलेल्या दगडांचं काय होतं ते वीस वर्षं बघतोय. कुणी शेंदूर फासतं, कुणी ऑइलपेंट, कुणी त्यावर कोयते परजतं. अक्षरं असतील तर पहिली तीच जातात.

अलिबागजवळच्या आक्षीचाच लेख घ्या. शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२. कोकणचा राजा केसिदेवराय याचं नाव त्यात आहे. मराठीचा आद्य शिलालेख हा की श्रवणबेळगोळचा, यावर अभ्यासक अजून भांडतात. एवढ्या मोलाचा दगड वर्षानुवर्षं रस्त्याच्या कडेला ऊनपाऊस खात उभा होता. याउलट परळला सापडलेला शिलाहार राजा अपरादित्याचा ११८७ चा लेख मुंबईच्या संग्रहालयात गेला, म्हणून आज नीट वाचता येतो. दगड वाचला तर इतिहास वाचेल. जागेचं नंतर बघू.

मैलकुली:
ठसेकरी दादा, 'जागेचं नंतर बघू' हे नाही पटलं. मुंबईतले इंग्रजांच्या काळचे मैलाचे दगड बघा. फोर्टातल्या सेंट थॉमस चर्चपासून किती मैल, ते रोमन आकड्यांत कोरलेलं आहे. फूटपाथ दरवेळी वर येत गेला आणि कित्येक दगड मानेपर्यंत गाडले गेले. पालिकेने त्यातले काही खणून पुन्हा नीट उभे केले. ते उचलून एका दालनात ओळीने मांडले असते तर? चार मैल सांगणारा दगड चार मैलांवर नसेल तर तो खोटं बोलतो. वीरगळाचंही तेच. बोरिवलीच्या एकसरच्या वीरगळांवर नौकांची लढाई कोरली आहे. खाडी-समुद्राच्या जवळ उभं राहून ते बघण्यात जे कळतं ते काचेआड नाही कळणार.

उपसरपंच:
मी गावाच्या बाजूने बोलतो, राग मानू नका. दगडाला आमचा विरोध नाही, भीती आहे ती कायद्याची. केंद्राचं संरक्षित स्मारक झालं की भोवतीच्या शंभर मीटरांत बांधकाम बंद आणि त्यापुढच्या दोनशे मीटरांत परवानगी लागते. प्रत्येक वीरगळाला ते लागू नाही, हे मला ठाऊक आहे. पण गावात एकदा 'पुरातत्त्व' शब्द निघाला की ज्याचं घर कडेला आहे तो घाबरतो आणि रातोरात दगड विहिरीत जातो. फलक लावायचा तर आधी ग्रामसभेत बोला, लिहून द्या की कुणाचं घर अडणार नाही.

शाळामास्तर:
फलक म्हणताय, पण त्यावर लिहिणार काय? आमच्या तालुक्यात दिसेल त्या वीरगळाला 'शिवकालीन' म्हणतात. बहुतेक दगडांवर ना नाव ना साल. यातले कितीतरी शिलाहार-यादवांच्या काळचे, महाराजांच्या कितीतरी आधीचे. चुकीचा फलक दगडाहून जास्त टिकतो, कारण मुलं तोच वहीत उतरवतात. सतीशिळेचं तर फार जपून. बांगड्या ल्यालेला तो कोपरात वाकलेला हात बघून बायाबापड्या कुंकू वाहतात. तिथे गौरवाचे शब्द नकोत. एका बाईला जाळलं गेलं, हे लिहायची छाती असेल तरच लिहा.

वेशीपलीकडे:
मास्तर, तुमचं पूर्ण मान्य. फलकावर दिसतं तेवढंच लिहायचं: गुरं, लढणारा, अप्सरा, शिवलिंग. नाव माहीत नाही, काळ माहीत नाही, हेही लिहायचं. उपसरपंचांचीही गोष्ट खरी, ग्रामसभेआधी मी कुदळ लावणार नाही.

ठसेकरी, अक्षरं असलेला दगड छपराखाली गेलाच पाहिजे, हे मला आता पटतंय. पण आमच्या वीरगळावर एकही अक्षर नाही. त्याचं सगळं बोलणं त्याच्या जागेत होतं. ती जागा नेमकी कुठे, हे सांगणारे एक म्हातारे गुराखी आजोबा उरलेत. रविवारी त्यांना घेऊन जातोय, खुंटी ठोकून मोजमाप घेतो.

ठसेकरी:
माझं मत बदललेलं नाही. पण मीही येतो. फोटो सकाळच्या तिरप्या उन्हात घ्या, भर दुपारी कोरीव काम दिसत नाही. आणि तोवर त्या भिंतीपासून दगड हातभर पुढे ओढून ठेवा, पन्हाळीचं पाणी थेट त्या गुरांवर पडत असेल.