रीमॅप करायचाय: रेडीमेड फाइल घ्यावी की कस्टम? (पोलो १.० टीएसआय, पुणे)

घाटवेडा

राम राम मंडळी. गाडी २०२१ ची पोलो, १.० टीएसआय, सहा गिअरची मॅन्युअल. ५२ हजार किमी झालेत, वॉरंटी संपली, म्हणून आता रीमॅपसाठी, म्हणजे इंजिनाच्या कंप्युटरमधलं (ईसीयू) सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवायला, हात शिवशिवताहेत. रोजचं चिंचवड ते हिंजवडी रडतखडत, आणि महिन्यातून एकदा सावंतवाडी. निपाणी, आजरा करत आंबोलीने खाली.

कंपनीचे आकडे ११० पीएस (ताकद) आणि १७५ न्यूटन मीटर (टॉर्क, म्हणजे ओढ). दोन ठिकाणी विचारून आलो. पहिला म्हणाला, लॅपटॉप लावतो, चाळीस मिनिटांत तयार फाइल, स्टेज वन (पार्ट न बदलता नुसतं सॉफ्टवेअर), १३५ पीएस आणि २३० एनएम, ३२ हजार. दुसरा म्हणाला, सकाळी गाडी सोडा, डायनोवर (चाकाची ताकद मोजणाऱ्या मशीनवर) चढवतो, फाइल तुमच्याच गाडीसाठी लिहितो, संध्याकाळी न्या, ४८ हजार. आकडे दोघांचेही जवळपास तेच! मग वरचे सोळा हजार कशाचे?

एअर फिल्टर, एक्झॉस्ट, सगळं कंपनीचं आहे आणि तसंच ठेवायचंय. शर्यती लावायच्या नाहीत. घाटात ट्रकच्या मागे अडकल्यावर तिसऱ्या गिअरमध्येच जरा दम मिळावा, एवढीच अपेक्षा.

नाशिक_टर्बो

गाडी पूर्ण स्टॉक आहे ना? मग रेडीमेड घ्या आणि मोकळे व्हा. तीच फाइल त्याच इंजिनाच्या शेकडो गाड्यांत गेलेली असते, चुका आधीच्या गिऱ्हाइकांनी शोधून दिलेल्या असतात. कस्टमवाल्याकडे तुम्ही त्याचे पहिले पोलोवाले असलात तर प्रयोग तुमच्याच गाडीवर होणार. माझ्या गाडीत रेडीमेड स्टेज वन चार वर्षं आहे, एक लाइट नाही लागली. सोळा हजारांत चांगले टायर येतात, त्याने गाडी जास्त बदलेल.

जळकाक्लच

माझं नाव असं का, ते सांगतो. हीच गाडी, हेच इंजिन, रेडीमेड फाइल. पहिले दोन महिने स्वर्ग. मग मे महिन्यात चिपळूणला निघालो, कुंभार्ली घाट, चौघं जण, डिकी भरलेली. चौथ्या गिअरमध्ये पाय दाबला तर काटा २,२०० वरून टुणकन ३,००० वर, आणि वेग आहे तिथेच! मला वाटलं गिअर निसटला. परत दाबला, परत तेच. मग एसीच्या झरोक्यांतून तो वास आला. ज्याला आलाय त्याला सांगायला नको. आईला वाटलं कोणीतरी जंगलात टायर जाळतंय.

क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग सगळं गेलं. ट्यूनरला फोन केला तर म्हणे, क्लच तुमचा आधीच जुना होता. असेलही. पण त्याच्या फाइलचा आलेख नंतर डायनोवर काढला तेव्हा दिसलं की सगळा टॉर्क १,९०० आरपीएमलाच भिंतीसारखा उभा राहत होता. जाहिरातीत तो आकडा छान दिसतो, पण फटका क्लचला बसतो.

घाटवेडा, तुम्ही २३० एनएमचं लिहिलंय ते वाचूनच माझ्या नाकात तो वास आला.

डिझेलकाका

अवांतर आहे, पण "कंपनीने ताकद दाबून ठेवलेली असते, आपण फक्त मोकळी करायची" हे वाक्य कोणी तुमच्यासमोर म्हटलं तर पैसे न देता उठा. आमच्या वेळी स्विफ्टचं १.३ डिझेल ७५ पीएस होतं आणि तेच इंजिन अर्टिगात ९० पीएस. लोक म्हणायचे, फक्त सॉफ्टवेअरचा फरक! अहो, टर्बोच वेगळा होता. अर्टिगाचा व्हेरिएबल जिऑमेट्रीचा (पाती गरजेनुसार वळणारा), स्विफ्टचा साधा. स्विफ्टमध्ये नुसती फाइल भरून ९० मागणारे मग धूर सोडत फिरायचे.

आणि रीमॅपऐवजी मिळतो तो ट्यूनिंग बॉक्स लावू नका कोणी. सेन्सरच्या वायरीत बसून ईसीयूला खोटं सांगायचं, एवढंच त्याचं काम.

बेसमॅप

मी एका वाहन कंपनीत इंजिन कॅलिब्रेशनमध्ये आहे. रीमॅप विकत नाही, गिऱ्हाइकी करायला आलेलो नाही. जरा लांब लिहितो.

आजच्या ईसीयूत तुमचा पाय थेट थ्रॉटल उघडत नाही. पेडल म्हणजे टॉर्कची मागणी. ईसीयू बघतं, एवढा टॉर्क हवा तर किती हवा लागेल, त्यासाठी किती बूस्ट (टर्बोने दाबलेली हवा), किती पेट्रोल, ठिणगी किती आधी. प्रत्येक पायरीवर मर्यादेचे तक्ते असतात. स्टेज वन म्हणजे बहुतेक वेळा या मर्यादा वर सरकवणं. रेडीमेडवाला हे एकदा नीट करून साठवून ठेवतो. कस्टमवाला, खरा असेल तर, तुमच्या गाडीचा लॉग (चालत्या गाडीच्या सेन्सरांची नोंद) बघत बघत करतो. खोटा असेल तर तीच साठवलेली फाइल भरतो, गाडी दिवसभर शेडमध्ये उभी ठेवतो आणि संध्याकाळी हात पुसत बाहेर येतो. दुसरा प्रकार बाजारात भरपूर आहे.

आता स्टॉक गाडीत गाडीगणिक फरक किती? पेट्रोल, हवा, उंची याला ईसीयू स्वतःच जुळवून घेतं. नॉक सेन्सर आहे (मिश्रण अवेळी पेटल्याचा ठोका ऐकणारा), लॅम्डा आहे (धुरातला ऑक्सिजन मोजणारा), हवेच्या दाबाचा सेन्सर आहे. नाशिककरांचं म्हणणं म्हणून चूक नाही. मात्र फाइल कुठल्या पेट्रोलवर बसवली ते विचारा. युरोपातली ९८ ऑक्टेनची (म्हणजे ठोका जास्त सहन करणाऱ्या पेट्रोलची) फाइल आपल्याकडे टाकली तर नॉक सेन्सर सतत टायमिंग (ठिणगीची वेळ) मागे ओढत राहील. म्हणजे कागदावर १३५, रस्त्यावर १२०, वर इंजिन गरम. ई२० ने (२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल) ऑक्टेन वाढलंय हे खरं, पण तेवढ्याच हवेला पेट्रोल जास्त घनफळाने लागतं. इंजेक्टरला त्यासाठी जागा शिल्लक आहे का, हे फुल लोडच्या लॉगमध्येच कळतं.

क्लचचा मुद्दा मात्र सोन्याचा आहे. कंपनी हे स्वतः करते. स्कोडा सुपर्बमध्ये १.८ टीएसआय १८० पीएसचंच होतं, पण मॅन्युअलला ३२० एनएम आणि सात गिअरच्या डीएसजीला (दोन क्लचचा ऑटोमॅटिक) २५०. कारण त्या ड्राय क्लच गिअरबॉक्सची मर्यादाच २५० आहे. ऑक्टाव्हियालाही म्हणूनच २५०. पीएस वरच्या आरपीएमला काढा, टॉर्क आवरता ठेवा, गिअरबॉक्स जगतो.

दुसरं, छोट्या डायरेक्ट इंजेक्शन टर्बोला कमी आरपीएमवर जास्त बूस्ट दिलं की ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटायचा धोका वाढतो. तो ठोका नॉक सेन्सर ऐकतो तोवर उशीर झालेला असतो. पिस्टनच्या कडा तुटतात त्या अशा. २,००० च्या खाली टॉर्क मागूच नका.

तेव्हा दोघांनाही विचारा: टॉर्क मी सांगेन तिथे कापून द्याल का? आधीचा आणि नंतरचा लॉग द्याल का? मूळ फाइलची प्रत माझ्याकडे राहील का? पंधरा दिवसांनी बदल लागला तर पैसे घ्याल का? आणि सायलेन्सरमधून फटफट आवाज काढणारी भानगड नको म्हणून आधीच सांगा, धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची वाट लागते.

सगळ्यात आधी स्टॉक गाडीचा लॉग काढा. बऱ्याच जणांना वाटतं रीमॅपने आजार झाला. आजार आधीचाच असतो.

स्टुटगार्टकर

इकडे जर्मनीत रीमॅप केला की टीयूव्हीकडून (गाड्या तपासणारी संस्था) तपासून गाडीच्या कागदांवर चढवावा लागतो. नाही चढवला तर गाडीची रस्त्यावर यायची परवानगीच रद्द होते. म्हणून रेडीमेडवाले फाइलबरोबर प्रमाणपत्राचा कागदही विकतात आणि बरेच जण त्या कागदासाठीच रेडीमेड घेतात. तिकडे आरसी आणि विम्याचं काय करता?

नाशिक_टर्बो

@स्टुटगार्टकर खरं सांगू? बहुतेक जण गप्प बसतात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आरसीवरच्या तपशिलाशी न जुळणारा बदल चालत नाही. विमा कंपनीला कळवायला हवं, नाहीतर मोठ्या क्लेमच्या वेळी सर्व्हेयरला आयतं कारण. पीयूसी आपल्याकडे गाडी उभी ठेवून होते, त्यात फुल लोडची फाइल पकडलीच जात नाही. मी विमावाल्यांना ईमेल करून ठेवलाय. हप्ता वाढला, पण झोप लागते.

घाटवेडा

बेसमॅपदादा, तुमचे प्रश्न घेऊन दोघांकडे परत गेलो.

पहिला: "लॉग-बिगची गरज नाही साहेब, फाइल सेफ आहे." टॉर्क कमी करून द्या म्हटलं तर हसला. "लोक वाढवायला येतात!" दुसऱ्याने आलेख दाखवला, नीट बघितला तर वर दुसऱ्याच गाडीचं, व्हेंटोचं नाव. चूक लक्षात आली तेव्हा जरा ओशाळला, पण म्हणाला, टॉर्क कापून देतो, लॉग देतो, एक रिव्हिजन फुकट.

मग रविवारी सकाळी साडेसहाला मित्राला शेजारी लॅपटॉप घेऊन बसवलं आणि शिरवळच्या पुढच्या सरळ पट्ट्यावर तिसऱ्या गिअरमध्ये २,००० ते ४,५०० असं तीनदा ओढलं. गाडी अजून स्टॉकच आहे. टायमिंग किती मागे गेलं त्याचे आकडे, ३,४०० आरपीएमला:

सिलिंडर १: १.१ अंश. सिलिंडर २: ५.६ अंश. सिलिंडर ३: ०.८ अंश.

तिन्ही वेळा असंच. इंजिनात जाणाऱ्या हवेचं तापमान ३९ वरून ५१. पेट्रोल नेहमीचं, चिंचवडच्या पंपावरचं. पुढच्या वेळी एक्सपी ९५ (९५ ऑक्टेनचं पेट्रोल) टाकून बघू का?

बेसमॅप

पेट्रोल नाही. पेट्रोल खराब असतं तर तिन्ही सिलिंडर रडले असते. एकटा मधलाच रडतोय, म्हणजे दुखणं त्याच्या घरातलं. प्लग, कॉइल, किंवा तिथेच साचलेला कार्बन. प्लग कधी बदलले? हे निस्तरेपर्यंत कोणतीही फाइल टाकू नका, रेडीमेड नाही आणि कस्टमही नाही.

हवेचं तापमान ठीक आहे. तुमचा इंटरकूलर (टर्बोची गरम हवा थंड करणारा) इनटेक मॅनिफोल्डमध्येच आहे, पाण्याने थंड होणारा. हिंजवडीच्या सिग्नलला उभं राहून हाच लॉग काढा, मग बघा आकडा कुठे जातो.

घाटवेडा

सापडलं!!

प्लग ४५ हजारच्या सर्व्हिसला बदलले होते. काल ओळखीच्या मिस्त्रीकडे कॉइल काढून पाना लावला. पहिला प्लग कुरकुरत सुटला, तिसराही. मधल्याला पाना लावला आणि मिस्त्री माझ्याकडे बघायला लागला. दोन बोटांत फिरला तो. बसवताना टॉर्क रेंच (ठरल्याएवढंच घट्ट आवळणारा पाना) लावलाच नव्हता. बाहेर काढला तर टोक पांढरंफटक, बाकी दोघांची तपकिरी. मिस्त्री म्हणाला, प्लग घट्ट टेकला नाही की त्याची उष्णता हेडमध्ये उतरत नाही, टोक तापून लाल राहतं. तीन नवे प्लग, टॉर्क रेंचने.

परत शिरवळ. सिलिंडर १: १.१, सिलिंडर २: १.५, सिलिंडर ३: ०.८.

म्हणजे मी पहिल्याच दिवशी ती चाळीस मिनिटांची फाइल घेऊन आंबोली उतरलो असतो तर परत चढताना काय झालं असतं, याचा विचार न केलेला बरा.

डिझेलकाका

३२ हजार वाचले, त्यातले तीनशे मिस्त्रीला चहा-वड्याला द्या.

जळकाक्लच

गाडी आता तशीही हलकी वाटत असेल ना? मग रीमॅप हवाय कशाला?

घाटवेडा

@जळकाक्लच वाटतेय हलकी, म्हणूनच तीन आठवडे थांबलो. आंबोली करून आलो. तरी ट्रकमागे दुसरा गिअर लागलाच.

शेवटी दुसऱ्याकडे गेलो, कस्टम. त्याची बेस फाइल रेडीमेडच होती, तसं त्याने स्वतः सांगितलं आणि म्हणूनच मला तो आवडला. टॉर्क २०५ वर कापला, २,२०० च्या आधी फुल टॉर्क नाही, फटफट नाही. घासाघीस करून ४२ हजार. डायनोवर चाकाशी आधी ९३ पीएस, नंतर ११२, त्याच दिवशी, त्याच पट्ट्यांत बांधून. दोन्ही लॉग आणि मूळ फाइल पेन ड्राइव्हवर घेतली. दहा दिवसांनी तिसऱ्या सिलिंडरचं टायमिंग २.८ मागे दिसलं, पाठवलं, त्याने वरचं बूस्ट थोडं उतरवून फाइल परत दिली. आता १.९.

विम्याला ईमेल गेलाय, उत्तर आलेलं नाही.

परवा सावंतवाडीहून येताना आंबोलीत वाळूचा ट्रक होता पुढे. तिसऱ्यातच निघालो.

जळकाक्लच

आणि वास?

घाटवेडा

काच खाली करून बघितलं. फक्त ट्रकच्या ब्रेकचा.