७८ ची स्ट्रॅट गिटार, वर काळा ड्युको, आत छिन्नीने पाडलेला खड्डा. मूळ रूपात आणू की नको?

फोंड्याचा_फ्रेट

मंडळी जरा लांब लिहितोय, सांभाळून घ्या.

आमच्या शेजारचे अंकल तारवटी, अर्धं आयुष्य बोटीवर गेलं. ऐंशीच्या दशकात कुठल्याशा बंदरात त्यांनी एक सेकंडहँड फेंडर स्ट्रॅटोकास्टर घेतली, सुट्टीवर आले की लग्नाच्या बँडमध्ये तीच वाजवायचे. आता बोटं आखडलीत, मुलं परदेशात. गेल्या महिन्यात मला हाक मारली आणि केस हातात देऊन म्हणाले, "घरांत पडून कुसता, तूं व्हर." (घरात पडून कुजतंय, तू ने.) पैसे घेईनात, मी आग्रह केला तर आंटीने उलट दोदोल मिठाईचा डबा दिला.

तर गिटार अशी आहे. हेडस्टॉकवरचा नंबर एस८ ने सुरू होतो, नेक मागून तीन स्क्रूवर, ट्रस रॉडचं (नेकच्या आतल्या सळईचं) टोक बंदुकीच्या गोळीसारखं. म्हणजे ७८ च्या आसपासची असावी. पण अंकलना तेव्हा हेवी मेटलचं वेड लागलं होतं. गावातल्या मेस्ताकडून ब्रिजच्या (तारा बॉडीवर अडकतात त्या) बाजूला हंबकरसाठी, म्हणजे दोन कॉइलच्या जाड आवाजाच्या पिकअपसाठी (पिकअप म्हणजे तारांचा आवाज उचलणारा भाग), खड्डा पाडून घेतला, आणि मेस्त बिचारा दाराला बिजागरी बसवणारा, त्याने तसाच पाडलाय, एक कोपरा तर एम-सीलने भरलाय. पिकगार्डवर (बॉडीवरच्या प्लास्टिकच्या झाकणावर) एक छोटा टॉगल स्विच. ट्युनर (तारा पिळायच्या किल्ल्या) बदललेले, त्यासाठी भोकं मोठी केलीत. मागच्या बाजूला स्प्रिंगांच्या खोबणीत लाकडाचा तुकडा ठोकून ट्रेमोलो (दांडीने सूर हलवायची सोय) कायमचा बंद. आणि वरून ८६ साली गॅरेजमध्ये पूर्ण बॉडीला काळा ड्युको मारून आणला. ब्रिजवर तारा टेकतात त्या सॅडलचे स्क्रू गंजून एकजीव झालेत, नेक पिकअप मेलेलाय, व्हॉल्यूम फिरवला की पापड भाजल्यासारखा आवाज.

मला ती जशी कारखान्यातून निघाली तशी करायचीय. एका दुकानदाराला फोटो पाठवले तर म्हणाला घेऊन ये, सगळं घासून सनबर्स्ट (मधे पिवळा, कडेला गडद होत जाणारा रंग) मारतो, नवीकोरी दिसेल. गणेशचवथीच्या आधी द्यावी का त्याला? सुरुवात कुठून करू?

गरम_सोल्डर

पहिली गोष्ट, त्या दुकानदाराला देऊ नकोस. घासलीस की संपलं. जुन्या गिटारचा रंग बदललेला असला की बाजारात किंमत साधारण अर्ध्यावर येते असं धरून चालतात, ते नुकसान तुझ्या अंकलनी ८६ लाच करून ठेवलंय, पण वरचा काळा काढून आतला मूळ सापडायची शक्यता आहे आणि सँडपेपर लागला की तीही जाईल.

आधी काहीही न बदलता उघडून बघ आणि प्रत्येक पायरीला फोटो काढ. नंतर कुठली वायर कुठे होती ते कोणालाच आठवत नाही, मी चाळीसेक गिटारी उघडल्यात, मलाही आठवत नाही. पिकगार्ड काढ आणि पॉटच्या, म्हणजे व्हॉल्यूम-टोनच्या बटणांखालच्या भागाच्या, पाठीवरचे आकडे वाच. १३७ ने सुरू होत असतील तर ते सीटीएस कंपनीचे, पुढचे दोन आकडे साल आणि त्यापुढचे दोन आठवडा. १३७७८१२ म्हणजे ७८ सालचा बारावा आठवडा. यावरून गिटार त्याआधीची नाही एवढं नक्की कळतं, आणि पॉट मूळचा आहे की मागाहून घातलाय तेही. पिकअप निवडायचा स्विच पाच पोझिशनचा असेल तर घाबरू नकोस, ७७ पासून कंपनीच तो द्यायला लागली.

नेक पिकअप मेलाय म्हणतोस, मल्टिमीटर लाव. स्ट्रॅटचा पिकअप साडेपाच ते सहा किलोओमच्या आसपास दाखवतो. काहीच दाखवत नसेल तर कॉइल तुटलीय, पण लगेच रिवाइंडला (नवीन तार गुंडाळायला) पाठवू नकोस. केसाइतकी बारीक तार असते ती, बऱ्याचदा बाहेरच्या टोकाला जिथे ती जाड वायरला जोडलेली असते तिथेच तुटते, तेवढं जोडलं की उठतो. आणि एक लक्षात ठेव, चुंबकाच्या खांबांना बोटाने दाबून वरखाली करायचं नाही. फेंडरमध्ये तार थेट त्या खांबांभोवतीच गुंडाळलेली असते, खांब सरकला की आतली तार कापलीच. आपल्याकडची खारी हवा, त्यात ते खांब गंजून फुगतात आणि तार खातात ते वेगळंच.

मेस्ताच्या खड्ड्याचं दुःख करू नकोस. त्यावर पिकगार्ड बसणार, बाहेरून कोणाला दिसणार नाही. एम-सील काढून ॲशच्याच लाकडाचा तुकडा नीट बसवून चिकटव, फक्त ब्रिजच्या स्क्रूंजवळ लाकूड कमजोर झालंय का ते बघ. वजन किती आहे? चार किलोच्या वर असेल तर बॉडी ॲशची असण्याची शक्यता जास्त.

म्हातारा_ड्रमर

मी वेगळं सांगतो, राग मानू नको बाबा. मी त्या काळी मडगाव-वास्कोच्या बँडांत ड्रम वाजवले. तेव्हा आमच्याकडे फेंडर असलेला माणूस म्हणजे देव, आणि त्या देवाने सुद्धा गिटार जशीच्या तशी ठेवली नाही. तीन पोझिशनचा स्विच असायचा त्यात मधल्या आवाजासाठी आगपेटीची काडी खोचायचो. कुठला व्हिंटेज नि कुठला ओरिजिनल, रात्री दोन वाजेपर्यंत मांडो, मग डिस्को, मग परत मांडो, आणि पावसात टेंपोच्या टपावर सामान. तुझ्या अंकलने जो खड्डा पाडला त्या खड्ड्यातून किती लोकांची लग्नं लागली असतील. तो हंबकर काढून टाकशील तर ती गिटार अंकलची राहणार नाही, अमेरिकेतल्या कुठल्या तरी कामगाराची होईल ज्याला तू कधी बघितलं नाहीस. आवाज ठीक कर, गंज काढ आणि वाजव.

पेडल_पेडणेकर

ड्रमरकाका बरोबर बोलतात पण ते लाकूड ठोकून बंद केलेला ट्रेमोलो तरी सोडवा की, तो बघून माझ्याच पोटात गोळा आला

गरम_सोल्डर

काकांचं मन मी समजतो पण हंबकर काढला म्हणजे फेकला असं नाही ना. पिकगार्ड, हंबकर, टॉगल सगळं एकत्र वायरिंगसकट तसंच उचलून डब्यात ठेव, नवीन पिकगार्डवर वेगळं वायरिंग कर. उद्या अंकलना त्यांचा मेटलचा आवाज ऐकायचा असला तर अर्ध्या तासात परत बसतं. जे परत जोडता येतं ते बिनधास्त काढ, जे कापावं लागतं त्याला हात लावू नकोस, मी गिऱ्हाइकालाही एवढंच सांगतो. ट्युनरच्या मोठ्या भोकांत आत बसणारे अडॅप्टर बुश मिळतात, ते घातले की जुन्या मापाचे ट्युनर बसतात, लाकूड भरायची गरज नाही.

पिकगार्ड मागवण्याआधी मात्र बॉडीवर कागद ठेवून पेन्सिलीने घासून अकराही स्क्रूंची भोकं उतरवून घे. सत्तरच्या दशकातली आणि आजची भोकं सगळी जुळतातच असं नाही, एकदोन सरकलेली असतात, आणि मग लोक नवीन भोकं पाडून बसतात.

फोंड्याचा_फ्रेट

उघडली! पॉट १३७७८२१, दोन तसेच आहेत, व्हॉल्यूमचा मात्र देशी. वजन घरच्या काट्यावर ४.३ किलो. आणि हे ऐका, नेकच्या खालच्या खोबणीत ड्युको पोचलाच नव्हता, तिथे पिवळसर आणि कडेला लालसर काळा दिसतोय. म्हणजे सनबर्स्टच होती ना मूळची? आता हा ड्युको कसा काढू, खरवडून येतो का?

रंगारी_डिचोली

माझा धंदाच गाडीच्या रंगाचा, गिटारीतलं काही कळत नाही पण ड्युकोचं सांगू शकतो. ८६ ला गॅरेजवाले बहुतेक एनसी (नायट्रोसेल्युलोज रंग) मारायचे, तो साध्या एनसी थिनरने कधीही विरघळतो. पाठीवरच्या झाकणाखाली, जिथे दिसत नाही तिथे, कापसाला थिनर लावून हलक्या हाताने फिरव. कापूस काळा झाला तर नशीब. नाही झाला तर पुढे कोणीतरी टूके (हार्डनर मिसळून मारायचा रंग) मारलंय, ते थिनरला दाद देत नाही, मग थांब. खरवडायचं बिलकुल नाही. दारंखिडक्या उघड्या ठेव आणि देवघरातला दिवा विझव, हसू नकोस, आमच्या बाजूच्याने असंच गोडाऊन पेटवलं होतं.

गरम_सोल्डर

यात भर घालतो. त्या काळातल्या फेंडरच्या बॉडीवर जाड पॉलिएस्टरचा थर असतो, तो या थिनरला हलत नाही, म्हणून तर ही युक्ती चालते. वरचा काळा जाईल, खालचा राहील. पण दोन ठिकाणी सांभाळ. प्लास्टिकला थिनर लागला की लगेच वितळतं, सगळं काढून ठेव. आणि हेडस्टॉकच्या तोंडावर लोगो आहे तिथे पॉलिएस्टर नसतो, साधी लॅकरच असते, थिनरचा नुसता बोळा फिरला तरी नाव पुसून जाईल. नेक काढून दुसऱ्या खोलीत ठेव. गॅरेजवाल्याने रंग धरावा म्हणून आधी घासून घेतलं असेल तर खालचा थर मंद दिसेल, ओरखडेही असतील. ते पॉलिशने जितकं जाईल तितकं, बाकी राहू दे.

फोंड्याचा_फ्रेट

तीन आठवड्यांनी परत आलो. कापूस काळा झाला! रोज रात्री जेवणानंतर वीतभर, एवढाच वेग. पहिल्या रात्री पाठीवर पिवळा उघडला तेव्हा मी चक्क बायकोला उठवलं, तिने बघितलं, छान आहे म्हणाली आणि झोपली. पुढच्या बाजूला बॉडीच्या डाव्या शिंगापाशी (टोकदार भागापाशी) घासलेलं दिसतंय, हाताएवढा पट्टा मंद झालाय आणि एका जागी लाकूड उघडं आहे. तिथे काही करणार नाहीये.

नेक पिकअप सोल्डरदादांनी सांगितलं तसा बाहेरच्या टोकालाच तुटला होता. म्हापशातल्या एका रेडिओ रिपेअरवाल्याने भिंगाखाली जोडून दिला, आता ५.६ दाखवतो. सॅडलचे स्क्रू रॉकेलमध्ये दोन दिवस बुडवले, सहापैकी चार सुटले.

आणि मुख्य गोष्ट. बॉडी दाखवायला अंकलकडे घेऊन गेलो. बराच वेळ काही बोलले नाहीत, नुसते पाठीवरून अंगठा फिरवत बसले, मग आत गेले आणि परदेशी बिस्किटांचा निळा पत्र्याचा डबा घेऊन आले. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेला मूळचा ब्रिज पिकअप, ट्रेमोलोची दांडी, आणि पाठीवर एफ कोरलेले ट्युनर. मी म्हटलं अंकल हे आधी का नाही सांगितलं, तर म्हणतात, "तुवें विचारलें खंय?" पिकअप मीटरला लावला, ५.७. मला तिथेच रडू फुटायचं बाकी होतं.

ड्रमरकाका, तुमचं ऐकलंय. हंबकरवालं पिकगार्ड त्याच डब्यात घालून अंकलकडेच ठेवलंय, चवथीनंतर एक दिवस ते बसवून त्यांना वाजवायला देणार.

फक्त ट्युनर पाचच निघाले. सहावा आंटीच्या शिवणयंत्राच्या खणात असेल असं अंकल म्हणतात, पण तो खण उघडायची परवानगी मला काय, अंकलनाही नाहीये. कोणाकडे सुटा असला तर कळवा.