शब्दचर्चा : 'ट्रान्स्पोर्टेशन'ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : दुष्काळाच्या काळात (१८४५-५२) चोरीसाठी सात वर्षांची शिक्षा होऊन डब्लिनहून ऑस्ट्रेलियातल्या टास्मानिया बेटावर, होबार्टला धाडलेल्या आयरिश बाईचे चरित्र मराठीत आणतोय. 'ट्रान्स्पोर्टेशन'ला जन्मठेप चालेल? आणि 'तिकीट ऑफ लीव्ह', 'फीमेल फॅक्टरी'?

— जन्मठेप नको. शिक्षा सात वर्षांची, तिथे 'जन्म' कुठून आला? आपल्या दंडसंहितेत १९५५ च्या दुरुस्तीपर्यंत ट्रान्स्पोर्टेशनची शिक्षा होती, आणि जन्मभराची असली की तिलाच जन्मठेप म्हणत. त्यातून हा घोळ होतो.

— मग तडीपार?

— तेही नाही. तडीपार माणूस हद्दीबाहेर मोकळा असतो. ही बाई तिकडे पोचल्यावरही कैदीच, आणि राबायचेही. 'काळ्या पाण्याची शिक्षा' अर्थाने सर्वांत जवळचे, पण वाचकाला अंदमान दिसणार. मी पहिल्यांदा 'समुद्रपार सक्तमजुरी' लिहीन आणि पुढे नुसते 'काळे पाणी'. मुदत मात्र निकालाच्या तारखेपासून मोजा. डब्लिनमधल्या ग्रेंजगॉर्मनच्या तुरुंगात आणि जहाजावर गेलेले महिने त्यातच येतात.

— 'तिकीट ऑफ लीव्ह'मधले 'लीव्ह' म्हणजे रजा नव्हे, मुभा. 'रजेचा परवाना' वाचला की बाई सुट्टीवर गेली असे वाटते. पॅरोलही फसवे, कारण आपल्याकडचा पॅरोल संपला की तुरुंगात परत. हे तिकीट हाती आले की स्वतःच्या मजुरीवर काम करता येई. पण ठरलेला जिल्हा सोडायचा नाही, हजेरी द्यायची. वागणूक बिघडली की तिकीट रद्द. 'मुभापत्र' बरे. ऑस्ट्रेलियातल्याच न्यू साउथ वेल्स वसाहतीच्या नियमात ते सात वर्षांच्या शिक्षेला चार वर्षांनी, चौदाला सहा, जन्मभराच्या शिक्षेला आठ वर्षांनी मिळे. 'सशर्त माफी' हा वेगळा कागद, तिथे मायदेशी परतायला बंदी. आणि मुदत संपल्यावरचा तो 'मुक्ततेचा दाखला'. तिन्हींना 'सुटका' म्हणून मोकळे होऊ नका.

— 'फॅक्टरी' तशीच ठेवा. 'कारखाना' म्हटले की नोकरी वाटते. होबार्टच्या कॅस्केड्स फीमेल फॅक्टरीत (१८२८ पासून) धुणे आणि शिवण चालेच, पण तिथेच शिक्षा, तिथेच बाळंतपण, आणि मालकांना कामाला कैदी बायका मिळायच्या त्याही तिथूनच. सुरुवातीच्या नियमांनुसार कैद्यांच्या सर्वांत खालच्या वर्गातल्या बाईच्या जाकिटाच्या पाठीवर, उजव्या बाहीवर आणि परकराच्या मागे मोठा पिवळा 'सी' (C) शिवलेला असे. एकदा कंसात 'स्त्री-कैद्यांचे कामगृह' द्या.

— एक राहिलेच. मसुद्यात 'असाइनमेंट' (कैद्यांना मालकांकडे बिनपगारी कामाला वाटून देणे) असेल तर सन तपासा. १८४४ ते १८५० मध्ये तिथे उतरलेल्या बायका आधी डरवेंट नदीत नांगरलेल्या 'अॅन्सन' जहाजावर साधारण सहा महिने परिविक्षेत (प्रोबेशन), मग कामाचा पास मिळालेल्या 'पासधारक' म्हणून पगारी घरकामाला. बिनपगारी वाटप त्याआधीचे.

— कैद्यांच्या नोंदवहीत गाव वाचताना 'खटला कुठे चालला' हा रकाना 'जन्मगाव' समजू नका. बाई आयर्लंडमधल्या क्लेअरची आणि खटला शेजारच्या लिमरिकला, असे होऊ शकते.