मुशीच्या परांची निर्यातबंदी उठवावी का?

दर्यावर्दी: फेब्रुवारी 2015 मध्ये केंद्राने मुशीचे, म्हणजे शार्कचे, पर (पोहायचे पंख) देशाबाहेर पाठवायला सरसकट बंदी घातली. माझं मत, आता उठवा. आपल्याकडे पर छाटून जिवंत मुशी पाण्यात टाकून देत नाहीत. अख्खी धक्क्यावर येते, मांस विकलं जातं. पर पूर्वी मीठ लावून उन्हात वाळवायचे, चार पैसे सुटायचे. आता फेकायचे. यात मुशी वाचली कुठे?

खारवारा: अख्खी आणावीच लागते. 2013 पासून नियमच आहे, पर अंगाला लागलेलेच हवेत. आणि चार पैसे कोणाला सुटायचे? डोल जाळ्यात येणारी मुशी हातभर, तिचा पाठीवरचा पर दोन बोटांचा. हाँगकाँगला परांचं सूप करतात, त्याला लागतात परांमधले लांब, जाड दोरे. चव त्यांना शून्य, ती कोंबडीच्या रश्शाची. असे दोरे मोठ्या मुशीत. ती वयात यायला वर्षं घेते आणि पिल्लं मोजकी देते. भाव आला की जाळी मुद्दाम तिच्याच वाटेवर पडणार.

दर्यावर्दी: मग मोठ्या जातींपुरती ठेवा ना बंदी! 2022 ला पनामात सायटीसने, म्हणजे दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराने, रिक्विम शार्क हे मुशींचं एक अख्खं कुळ परिशिष्ट 2 मध्ये घातलं. तिथेही व्यापार बंद नाही, परवाना लागतो. आपणच जास्त शहाणे?

शेवंड: परवाना देणारा ओळखणार कसा? साल काढून वाळवलेला पर हातात घेऊन बघा, पिवळट, शिंगासारखा कडक. हातोडीसारख्या डोक्याच्या मुशीचा की साध्या, ते डीएनए केल्याशिवाय नक्की सांगता येत नाही. गोणीभर मालात दोन-चार मिसळले की झालं. सरसकट बंदी निदान तपासायला सोपी.

रातांबा: मोरीचं, म्हणजे मुशीचंच, मटण खाऊन वाचतोय, चालू द्या.

दर्यावर्दी: तपासायला सोपी म्हणून गरिबाने सोसायचं?

खारवारा: सोसायला लावू नका, भरपाई द्या. व्हेल शार्क 2001 पासून संरक्षित. ती जाळ्यात आली आणि जाळं कापून सोडली, तर महाराष्ट्रात 25 हजारांपर्यंत मिळतात. हीच सोय मोठ्या मुशींनाही लावा.

दर्यावर्दी: ती फाटक्या जाळ्याची भरपाई. मेलेलीच मुशी वर आली तर तिच्या परांचं काय, ते अजून कोणी बोललं नाही.