घरात शहाणी, रस्त्यावर बहिरी : नऊ महिन्यांच्या कुत्रीसाठी मदत हवी आहे

चिंचगूळ
नमस्कार. जरा सविस्तर लिहितेय, सांभाळून घ्या.

आम्ही डोंबिवलीत चौथ्या मजल्यावर राहतो. घरात मी, नवरा, सासूबाई, सातवीतला मुलगा आणि गेल्या पावसाळ्यात मीटरच्या खोलीत सापडलेली खारी. गावठी आहे. रंग बेकरीतल्या खारीसारखा, म्हणून ते नाव. आता साधारण नऊ महिन्यांची. लसी पूर्ण, नसबंदीही झाली.

घरात ही म्हणजे वर्गातली हुशार मुलगी. "बस" म्हटलं की बसते, पंजा देते, ताटली समोर ठेवली तरी "खा" म्हणेपर्यंत हलत नाही. हे सगळं पाचव्या महिन्यातच शिकली होती. पण लिफ्टचं दार उघडलं की संपलं. फाटकाबाहेर पट्टा अशी ओढते की माझा खांदा दुखावलाय. गल्लीतली तीन कुत्री दिसली की भुंकून गोंधळ. मी "बस, खारी बस!" ओरडते तेव्हा समोरचा रिक्षावाला थांबतो, खारी नाही.

एका ट्रेनरना बोलावलं होतं. त्यांनी पहिल्याच दिवशी आवळणारी साखळी घालून दोन झटके दिले. खारी नीट चालली, पण घरी आल्यावर सोफ्याखाली गेली ती रात्री जेवायलाच बाहेर आली. मी त्यांना पुन्हा बोलावलं नाही. नवरा म्हणतो, दोन झटक्यांनी काही होत नाही, शिस्त लागते. माझं मन होत नाही.

घरी येतं ते बाहेर का येत नाही? रोज किती वेळ द्यायचा? (सकाळी ७:५२ ची लोकल असते.) की माझंच काही चुकतंय?

टेकडीवाला
तुमचं चुकत नाहीये, खारीचंही नाही. ती "बस" शिकली तुमच्या स्वयंपाकघरातल्या लादीवर, हातात डबा धरलेल्या तुमच्यासमोर. तिच्या लेखी लादी, डबा आणि तुम्ही मिळून "बस" होतं. रस्त्यावर यातलं काहीच नसतं, उलट तीन परकी कुत्री असतात. एका जागी शिकलेलं दुसऱ्या जागी लावणं कुत्र्यांना आपसूक जमत नाही. तिथे पहिलीपासून शिकवावं लागतं.

म्हणून आधी बाहेरची खोली. मग उंबरठा. मग दाराबाहेरचा पॅसेज, बंद लिफ्टसमोर, उघड्या लिफ्टसमोर, पार्किंग, आणि फाटक सगळ्यात शेवटी. दहापैकी आठ वेळा जमलं की पुढची जागा. जमेना झालं तर एक पायरी मागे यायचं, त्यात कमीपणा नाही.

वेळ म्हणाल तर दिवसातून तीनदा तीन-तीन मिनिटं. कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता होतं. रविवारी एक तास शिकवणी घेऊन काही साधत नाही, तीही कंटाळते आणि आपणही चिडतो. बक्षीस वाटाण्याएवढं उकडलेलं चिकन किंवा पनीर, आणि बूड टेकल्या क्षणी. तुम्ही पुडी सोडेपर्यंत ती उठून उभी राहिली तर तुम्ही उठण्याचं बक्षीस दिलंत. एवढं रोजच्या जेवणातून वजा करा. बेदाणे, द्राक्षं, कांदा मात्र चुकूनही नको.

घाटावरची
पाचव्या महिन्यात ऐकत होती आणि आता नाही, यात वयाचाही भाग आहे. ब्रिटनमधल्या न्यूकॅसल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० साली नेमकं हेच तपासलं होतं. लॅब्रॅडोर, गोल्डन रिट्रीव्हर आणि त्यांच्या संकरित पिल्लांना पाचव्या आणि आठव्या महिन्यात "बस" सांगून पाहिलं. आठव्या महिन्यात ती सांभाळणाऱ्या माणसाचं कमी ऐकायला लागली, परक्याचं मात्र तसं नाही. आपल्या गावठीला ते जसंच्या तसं लागू होईल असं नाही, पण माझ्या घरच्या अनुभवाशी जुळतं. हे वय सरतं. तोवर तुम्ही सोडून दिलं नाही म्हणजे झालं.

एक करा. घरात कोण तिला काय शब्द वापरतं ते कागदावर लिहून काढा.

माणदेशी_गडी
आमच्याकडं मेंढरामागं धनगराची कुत्री हायती, त्यास्नी कुणी चिकन चारून शिकवलं? शहरात कुत्र्याला फ्लॅटात कोंडायचं आन् मग खांदा दुकतोय म्हनायचं. मोकळं सोडा, आपोआप येतंय.

टेकडीवाला
@माणदेशी_गडी, कोंडण्याबद्दल तुमचं निम्मं पटतं. पण ते पिल्लू कळपातच वाढतं, जाणती कुत्री समोर असते, आणि माळावर दिवसभर तीच एक शाळा चालू असते. तीन मिनिटं नव्हे, बारा तास. खारीला डोंबिवलीत मोकळं सोडलं तर पहिला धडा रिक्षाच देईल.

झटक्यांबद्दल. साखळीनं ओढणं थांबतं ते दुखतं म्हणून. पण त्या क्षणी खारीची नजर समोरच्या कुत्र्यावर असते. समोर कुत्रं आलं की गळा दुखतो, एवढंच तिच्या डोक्यात बसतं आणि पुढच्या वेळी ती अजून लांबून भुंकते. त्यापेक्षा छातीवर कडी असलेला हार्नेस घ्या. ओढलं की जागच्या जागी थांबायचं, बोलायचं नाही. पट्टा सैल झाला की चालायचं. पहिल्या आठवड्यात फाटकापर्यंत पोचायला वीस मिनिटं लागतील, शेजारी हसतील, हसू देत. शू-शीची घाई असेल त्या फेरीत सराव करू नका.

गल्लीतली कुत्री दिसली तर खारी भुंकायच्या आधीच, लांबूनच चिकन सुरू करा. भुंकायला लागली म्हणजे तुम्ही फार जवळ गेलात. मुकाट वळून मागे या.

पण हे नवऱ्यालाही करावं लागेल. तुम्ही थांबलात आणि ते मागोमाग फरफटत गेले, तर ओढणं हा तिच्यासाठी मटका होतो. कधीतरी लागतो म्हणूनच माणूस रोज खेळतो ना.

निवांत_नाना
हिला फिरायला नेता की पळवायला? पहिली दहा मिनिटं खांब, झाडं, टायर हुंगू द्या मनसोक्त. नाकानं दमलेलं कुत्रं पायानं दमलेल्यापेक्षा लवकर शांत होतं. लिफ्टवरून सोसायटीत कुणी बोललं तर घाबरू नका. भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचनांनुसार पाळीव कुत्र्याला लिफ्टबंदी करता येत नाही.

चिंचगूळ
@घाटावरची, काय कागद लिहायला लावलात हो! मी म्हणते "बस". नवरा "सिट". सासूबाई "बैस गं बाई". मुलगा "खाली". आणि खरी गंमत पुढे आहे. जेवताना कुणी आमटी वाढायला आलं की आम्ही सगळे हात आडवा धरून "बस, बस, बस" म्हणतो. खारी बिचारी टेबलाखाली दर वेळी बसत होती म्हणे, मुलानं पाहिलंय. तिला कुणी कधी काही दिलं नाही. म्हणजे दिवसातून दहा वेळा तो शब्द फुकट गेला!

घाटावरची
मग शब्द बदला. जेवताना न येणारा, आखूड, तोडून म्हणता येणारा. आणि एकदाच म्हणायचा. "बस बस बस" म्हटलं की तिसऱ्या "बस"ला बसायचं असतं, असं ती शिकते.

चिंचगूळ (तीन आठवड्यांनी)
धागा वर काढतेय. नवा शब्द सासूबाईंनी दिला, "टेक". बूड टेक मधला. पहिल्या दिवशी त्यांनाच हसू आवरेना, पण सगळ्यात नेमानं सराव त्यांचाच आहे. दुपारी पोथी वाचून झाली की पॅसेजमध्ये तीन मिनिटं.

लिफ्ट जमली. पार्किंग दहापैकी सहा-सात. गाडीखाली मांजर असेल तर शून्य. पट्टा फाटकापर्यंत सैल असतो, पुढे अजून ओढते. मधले चार दिवस तर जास्तच ओढत होती, तेव्हा मी पॅसेजमध्ये बसून रडले हेही लिहून ठेवते. नवऱ्यानं साखळी माळ्यावर टाकली. पटलं म्हणून नव्हे, "आईचं ऐकते तर बघू" म्हणून. चालेल.

नवीन अडचण. कोपऱ्यावरच्या मासेवाल्या मावशींच्या टोपलीसमोर खारी कुणीही न सांगता "टेक" करते, आणि मावशी खूश होऊन बोंबलाचं डोकं टाकतात. तिथून हलायलाच तयार नसते. मावशींना कसं शिकवायचं?

टेकडीवाला
तुमचा चिकनचा डबा मावशींकडे द्या. खारीनं मान वळवून तुमच्याकडे पाहिलं, की मगच त्यांनी द्यायचं. आणि बोंबलाचं डोकं तुम्ही घरी आणा, कालवणाला होईल.