ओळी हिरव्या होतात, पण कागदावर प्रोग्रॅम सुचत नाही

विद्यार्थी, बीसीए द्वितीय वर्ष:
नमस्कार. मी सिन्नरचा असून शिक्षणासाठी नाशिकला गंगापूर रोडवर खोली घेऊन राहतो. प्रॅक्टिकलच्या बॅचमध्ये मुले बरीच असल्याने आपला प्रोग्रॅम कुठे चुकला हे कळायला कधी कधी आठवडा जातो, म्हणून तीन महिन्यांपासून मी कोडिंगबॅट या संकेतस्थळावर जावा या प्रोग्रॅमिंग भाषेचा सराव करतो आहे. तिथे रन दाबताच प्रत्येक चाचणीचे अपेक्षित उत्तर आणि माझे उत्तर शेजारी शेजारी दिसते. बरोबर असेल तर हिरवे, चुकले तर लाल. याचा मला फार आधार वाटत होता. परंतु ‘अॅरेमध्ये (संख्यांच्या रांगेत) २ च्या शेजारी २ आहे का’ हा तिथे सोडवलेलाच प्रश्न अंतर्गत परीक्षेत आला आणि लूप (तीच पायरी पुन्हा पुन्हा करणारा कोडचा भाग) कुठे थांबवायचा हे मला सुचेना. तेव्हा लक्षात आले की सरावात मी लांबीतून कधी १ वजा करून, कधी अट बदलून, सगळ्या ओळी हिरव्या होईपर्यंत नुसते रन दाबत होतो. हा सराव बंद करावा काय?

प्राध्यापिका, संगणकशास्त्र:
बंद करू नका. चूक ताजी असताना कळणे ही मोठी सोय आहे, आमच्या पिढीला ती मिळाली नाही. मात्र लाल ओळ पुसायची घाई न करता ती वाचा. याच प्रश्नात लूप पूर्ण लांबीपर्यंत चालवला, तर १, २, २ ही चाचणी हिरवी होते, कारण जोडी सापडताच फंक्शन उत्तर देऊन बाहेर पडते. १, २, १, २ या चाचणीत मात्र जोडी नसल्यामुळे लूप शेवटच्या घरापर्यंत जातो, त्याच्या पुढचे घर वाचू पाहतो आणि एक्सेप्शन (प्रोग्रॅम थांबवणारी चूक) येते. एक ओळ हिरवी आणि दुसरी लाल का, हे वहीत ड्राय रन करून, म्हणजे प्रोग्रॅम हाताने पायरीपायरीने चालवून, शोधले, तर ‘वजा १’ पाठ करावे लागत नाही. रन दाबण्याआधी प्रत्येक चाचणीचे उत्तर पेन्सिलने लिहून ठेवा.

अंबडमधील एक प्रोग्रॅमर:
मॅडमशी सहमत. वहीत अडल्यास पायथन ट्यूटर हे संकेतस्थळ वापरा. नाव पायथन या दुसऱ्या भाषेचे असले तरी तिथे जावाही चालते आणि प्रत्येक पायरीला व्हेरिएबलची किंमत चित्रात दिसते. पुढे स्पोज या सरावाच्या संकेतस्थळाकडे वळा. तिथे चाचण्या दाखवत नाहीत, केवळ निकाल कळतो, त्यामुळे अवघड उदाहरणे स्वतःच शोधावी लागतात. फॅक्टोरियल (१ पासून त्या संख्येपर्यंतचा गुणाकार) जावाच्या इंट या पूर्णांक प्रकारात १२ पर्यंत बरोबर येतो आणि १३ ला उत्तर २१४७४८३६४७ या मर्यादेपलीकडे जाते, हे मला तशाच शोधात उमगले.

विद्यार्थी, बीसीए द्वितीय वर्ष:
दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री वहीत तक्ता आखला. चार घरांच्या अॅरेत आय (० पासून मोजलेला घराचा क्रमांक) ३ झाला की पुढचे घर ४ क्रमांकाचे, आणि ते तर नाहीच, हे पहिल्यांदा डोळ्यांनी दिसले. मग रिकामा अॅरे स्वतःच घेऊन पाहिला: लांबी शून्य, वजा १ केल्यावर लूप एकदाही फिरत नाही, म्हणून उत्तर फॉल्स (नाही). आधी हे लिहिले आणि मगच रन दाबले.